पंडिता रमाबाई व त्यांच्या घरची आजारी लेकरे

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या सडकेने यवत मागे टाकून पुढे गेले म्हणजे दौंड तालुक्यातील चौफुला लागतो, व त्यापुढे वरवंड हा गाव येतो. चौफुल्यावरून शिरूरच्या बाजूस वळले असता थोड्याच अंतरावर केडगावचे आगगाडीचे स्टेशन आहे. या भागातील पुष्कळांनी केडगावचे मुक्तिसदन पाहिले आहे, आणि पंडिता रमाबाईंचे नाव ज्यास ठाऊक नाही असे ख्रिस्ती कुटुंब महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. त्या मोठ्या विदुषी होत्या, त्यांनी विधवांसाठी शाळा काढली, पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले, हे सर्व आपण वारंवार ऐकतो. परंतु त्यांच्या चरित्राची एक बाजू खेड्यापाड्यांतील आईबापांच्या फार उपयोगाची असून तिकडे आपले लक्ष कमी जाते. ती बाजू म्हणजे आजारी, उपाशी व टाकून दिलेल्या लेकरांची त्यांनी स्वतःच्या घरी केलेली शुश्रूषा होय. ती लक्षात ठेवून त्यांचे चरित्र येथे सांगावयाचे योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालच्या एप्रिल महिन्यात सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ नावाच्या ठिकाणी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे शास्त्री होते. स्त्रियांनी संस्कृत शिकावे असे त्यांचे मत होते व त्यापायी लोकांचा रोष सोसून त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हीस शिकविले. लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या वेळी लहानग्या रमेला मांडीवर घेऊन श्लोक पढविले. पुढे संपत्ती ओसरली, आणि हे कुटुंब तीर्थाटन करीत व ठिकठिकाणी पुराण सांगत हिंडू लागले. त्यांस राहावयास घर नव्हते. देवळाची ओवरी किंवा धर्मशाळा यांतच त्या लेकरांचे बालपण गेले.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला, आणि या कुटुंबावर जे गुदरले ते रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत. वडील वृद्ध व अंध झाले होते. शास्त्रीपणाखेरीज दुसरे काम कोणी शिकले नव्हते, आणि भीक मागण्याची लाज वाटे. जवळचे दागिने, भांडी व वस्त्रे विकून संपली, तेव्हा रानातला पाला खाण्याची पाळी आली. प्रथम वडील गेले, मागोमाग आई गेली व त्यानंतर थोरली बहीण गेली. आई तापाने व उपासाने क्षीण होऊन पडली असता रमा शेजारच्या एका बाईकडे भाकरीचा तुकडा मागावयास गेली. लाजेने तिच्या तोंडून शब्द निघेना. त्या बाईने मुलीची स्थिती ओळखून भाकरी दिली, परंतु ती घेऊन येईपर्यंत आईच्या अंगी घास गिळण्याचीही शक्ती उरली नव्हती. भुकेल्या शरीराला अन्न वेळेवर मिळाले नाही तर मागाहून मिळालेले अन्नही व्यर्थ होते, हा धडा त्या मुलीस सोळा वर्षांच्या वयात आपल्या आईच्या उशाशी बसून मिळाला.

राहिलेली दोघे भावंडे, श्रीनिवास व रमा, हिंदुस्थानभर पायी हिंडली व १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या तरुण मुलीची विद्वत्ता पाहून तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु मानाबरोबर दुःखही चालत आले. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या वकिलाशी विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात त्यांस मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या दुखण्याने पतीचे निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षी रमाबाई वर्षाचेही न झालेले मूल घेऊन विधवा झाल्या. आईबाप, बहीण, भाऊ व पती ही सर्व त्यांनी आठ वर्षांच्या आत गमाविली, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांच्यापाशी सोबतीस म्हणावे असे कोणी नव्हते.

पुढे रमाबाई पुण्यास आल्या व त्यांनी १८८२ साली आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी शिक्षणाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. शिक्षणाविषयी बोलत असताना त्यांनी एक गोष्ट आग्रहाने मांडली. या देशातील बायका आपले दुखणे पुरुष डॉक्टरास सांगण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून बायकांना वैद्यकी शिकविली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १८८५ साली हिंदी स्त्रियांस वैद्यकीय मदत पुरविण्यासाठी लेडी डफरीन फंड निघाला, आणि त्या कार्यास या साक्षीने जोर मिळाला असे त्यांचे चरित्रकार मानतात.

स्वतः डॉक्टरीण व्हावे हा त्यांचा मनोदय होता. त्याच हेतूने त्या १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन विलायतेस गेल्या. वाँटेज येथील धर्मभगिनींनी त्यांस आसरा दिला, आणि तेथेच सप्टेंबर महिन्यात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. परंतु वैद्यकीचा मार्ग बंद झाला. त्यांच्या कानांस बहिरेपणा येऊ लागला होता व तो वाढत चालला. ज्यास रोग्याच्या छातीतील आवाज ऐकावयाचा, त्यास कानांवाचून कसे चालावे? बाईंनी ती आशा सोडली व चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात इतर विषयांचे अध्ययन व अध्यापन केले. वाँटेजच्या भगिनींची समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चाललेली घरेही त्यांनी पाहिली. पडलेल्या माणसाला घर देऊन उठवता येते, ही गोष्ट त्यांच्या मनात तेथे ठसली.

डॉक्टरकीचे जे स्वप्न त्यांस सोडावे लागले ते त्यांच्या नात्यातील एका तरुणीने पुरे केले. आनंदीबाई जोशी यांचा पहिला मुलगा जन्मल्यावर दहाच दिवसांनी दगावला होता. त्या वेळी त्यांचे वय अवघे चौदा वर्षांचे होते. त्या दुःखातूनच आनंदीबाई वैद्यकी शिकावयास अमेरिकेस गेल्या. १८८६ च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फिया येथे त्यांस पदवी मिळाली, तेव्हा त्या समारंभास रमाबाई विलायतेहून मुद्दाम गेल्या. पण आनंदीबाईंस क्षयाने ग्रासले होते. स्वदेशी परतल्यावर १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचा अंत झाला, व ज्या विद्येसाठी त्यांनी एवढे कष्ट सोसले तिचा लाभ येथील बायकामुलांस झाला नाही.

रमाबाईंनी अमेरिकेत हिंडून व्याख्याने दिली, हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले व आपल्या कार्यासाठी साहाय्यक मंडळी उभी केली. १८८९ च्या मार्च महिन्यात त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. बालविधवांना शिकवून स्वतःच्या पायांवर उभे करावे, हा त्याचा उद्देश होता. १८९३ च्या सुमारास काही मुलींचा कल ख्रिस्ताकडे वळला असे दिसताच पुण्यात मोठे वादळ उठले आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. बाई डगमगल्या नाहीत. संस्थेस उत्पन्न व्हावे म्हणून त्यांनी केडगाव येथे जमीन घेऊन फळबाग लाविली. त्या माळावर पुढे हजारो लेकरांचे घर होईल, असे तेव्हा कोणाच्या मनात नव्हते.

१८९६ साली पाऊस फसला. मध्यप्रांतातील दुष्काळाच्या वार्ता येऊ लागल्या तेव्हा रमाबाईंना आपली आई आठवली, व त्या स्वतः तिकडे गेल्या. गरीबखान्यांत व रस्त्यांच्या कडेला त्यांनी जी मुले पाहिली त्यांची कातडी हाडांस चिकटली होती आणि डोळे आत गेले होते. अनाथ मुलींना फसवून नेण्यासाठी दुष्ट माणसे तेथे टपून बसली होती, हेही त्यांनी पाहिले. बाईंच्या हाती त्या वेळी फारसा पैसा नव्हता. तरी त्यांनी सुमारे ३०० मुली व तरुण विधवा आपल्याकडे ठेवून घेतल्या. या मुली त्यांच्या शाळेत आल्या त्या विद्यार्थिनी म्हणून नव्हे. बहुतेक सर्व रोगी होत्या, अंगावर खरूज व जखमा होत्या, आणि कित्येकींना अन्नाचे भय असे वाटे की मिळालेली भाकरी त्या लपवून ठेवीत.

इतक्यात पुण्यात प्लेगने थैमान मांडले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, घरोघर तपासण्या सुरू झाल्या, रोग्यांना इस्पितळात व त्यांच्या घरच्यांना छावणीत नेण्यात येऊ लागले. या नव्या मुलींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. सदनातील मुलीही आजारी पडून प्लेगच्या इस्पितळात गेल्या. तेथील व्यवस्था बाईंनी स्वतः पाहिली आणि त्याच वर्षी बॉम्बे गार्डियन या पत्रात तिच्यावर उघडपणे कडक टीका केली. तरुण मुलींच्या अब्रूचे रक्षण तेथे होत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती. सरकारने ती नाकारली, परंतु प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेला. आपल्याच राज्यकर्त्यांच्या धर्माची एक बाई आपल्याविरुद्ध लिहिते, याचे अधिकाऱ्यांस नवल वाटले असावे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रमाबाई डॉक्टरांच्या किंवा औषधाच्या विरुद्ध नव्हत्या. बायकांनी डॉक्टर व्हावे म्हणून झटणारी ती बाई होती. जेथे आजाऱ्याला माणूस म्हणून वागवीत नाहीत, जेथे त्याच्या उशाशी आपले कोणी नसते, तेथे औषध असूनही शुश्रूषा नसते, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

पुण्यात जागा नाही असे ठरल्यावर बाईंनी मुलींना केडगावच्या माळावर आणले. तेथे नीट घरे नव्हती. तंबू ठोकले, छपरे घातली, जशी जागा मिळाली तशी लेकरे निजविली. डॉक्टर तेथे कायम राहणारा नव्हता, व आजारी तर शेकड्यांनी होते. मग ही शुश्रूषा कोणी केली? ती शारदा सदनातील थोरल्या मुलींनी केली. ज्यांना काल त्यांच्या सासरच्यांनी अपशकुनी म्हणून घराबाहेर काढले होते, त्याच मुली या परक्या, निरनिराळ्या जातींच्या, खरजेने भरलेल्या लेकरांना न्हाऊ घालू लागल्या, त्यांच्या जखमा धुऊ लागल्या, व रात्री त्यांच्याजवळ बसू लागल्या. त्या काळच्या समाजात ही किती मोठी गोष्ट होती हे खेड्यातील वाचकांस सांगावयास नको. आजाऱ्याच्या हाताला शिवताना त्याची जात विचारावयाची नाही, हे त्या घराचे पहिले औषध होते.

१८९९ व १९०० या वर्षी गुजरात, काठेवाड व राजपुताना या भागांत त्याहूनही भयंकर दुष्काळ पडला. या वेळी रमाबाईंनी केडगावहूनच तयार झालेल्या स्त्रियांना तिकडे पाठविले आणि त्यांनी शेकडो मुली आणल्या. १९०० सालच्या अखेरीस मुक्तिसदनात सुमारे १,९०० जणी राहात होत्या. त्या अवर्षणात एवढ्या जणींस पाणी पुरविण्यासाठी विहिरी खणाव्या लागल्या. स्वच्छ पाणी नसेल तर आजाऱ्यांची सेवा मातीत जाते, हे तेथील प्रत्येकीस कळून चुकले होते.

सर्व लेकरे वाचली असे मात्र नाही. पुष्कळ मुली इतक्या खंगून आल्या होत्या की त्यांना अन्न पचेना, आणि त्या दगावल्या. फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलास एकदम पोटभर जेवू घातले तर ते जेवणच त्याच्या जिवावर उठते, कारण शरीरातील क्षारांचा तोल बिघडलेला असतो. अशा मुलास थोडे थोडे, पातळ अन्न दर दोन तासांनी व रात्रीही द्यावे लागते, हे आता डॉक्टरांस ठाऊक आहे. त्या काळी ते कोणास नीट ठाऊक नव्हते. जी दगावली ती परक्या गावाच्या वाटेवर पडून न मरता कोणाच्या तरी हातांत मेली, एवढेच समाधान बाईंच्या पदरी पडले.

मुक्तिसदनात अंध मुलींसाठी वेगळी सोय होती. बाईंची कन्या मनोरमाबाई यांनी त्यांना बोटांनी वाचावयाची ब्रेल लिपी शिकविली. दुर्बळ व वृद्ध स्त्रियांसाठी प्रीतिसदन होते, व ज्यांना समाजाने पतित म्हणून टाकले त्यांच्यासाठी कृपासदन होते. बाकीच्या मुलींस शिवण, विणकाम, स्वयंपाक, शेती, छापखान्याचे काम अशी नाना कामे शिकविली जात, आणि आजाऱ्यांची शुश्रूषा हेही त्यांपैकी एक काम होते. येथे रमाबाईंची दूरदृष्टी दिसते. शुश्रूषा म्हणजे बाईमाणसाचा जन्मजात स्वभाव, त्यात शिकावयाचे काय, असे लोक समजत. बाईंनी ती शिकण्याची विद्या मानली. त्या स्वतः डॉक्टर होऊ शकल्या नाहीत, परंतु ज्यांच्या मागून येणाऱ्या लेकरांस कोणी विचारीत नव्हते अशा शेकडो मुलींस त्यांनी आजाऱ्याच्या उशाशी बसावयास शिकविले.

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे त्यांनी पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्याच्या कामी घालविली. त्यासाठी त्या इब्री व ग्रीक भाषा शिकल्या. कानांस बहुतेक ऐकू येत नव्हते, पण लेखणी थांबली नाही. १९१९ साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या, आणि ज्या हाताने अनेक परक्या लेकरांचे डोळे मिटले होते त्यास आपल्या एकुलत्या लेकराचे डोळे मिटावे लागले. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाईंनी केडगाव येथेच देह ठेवला. भाषांतराचे काम त्यांनी त्याआधी पुरे केले होते. ते पुस्तक १९२४ साली छापून निघाले, व त्यांची संस्था केडगावात आजही चालू आहे.

वाचकहो, या चरित्रातून आपण आपल्या घरी काय न्यावे? रमाबाईंच्या पतीचा जीव ज्या पटकीने घेतला, तिच्या व साध्या हगवणीच्या मुळाशी एकच धोका असतो. शरीरातील पाणी व मीठ वाहून जाते व मूल सुकते. १९७१ साली बांगलादेशच्या लढाईत लाखो निर्वासित बंगालात आले असता बनगाव येथील छावणीत पटकीने कहर केला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व खाण्याचा सोडा मिसळलेले पाणी पिंपांत भरून ठेविले व ते आजाऱ्यांच्या नातेवाइकांच्याच हातून त्यांना पाजविले. जेथे पूर्वी शंभरांत वीस ते तीस माणसे मरत होती तेथे चारांहून कमी मरू लागली. म्हणजे उपाय अवघड नव्हता, आणि तो करणारी माणसे त्या आजाऱ्यांच्या घरचीच होती.

आपल्या महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यातही अशीच गोष्ट सिद्ध झाली. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने १९९३ सालानंतर ३९ खेड्यांत गावच्याच स्त्रियांस शिकवून आरोग्यदूत बनविले. या बायका बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळाला ऊब कशी द्यावी, अंगावर कसे पाजावे, व जंतुसंसर्ग कसा ओळखावा हे पाहू लागल्या. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. २०११ पासून आशाताई देशभर याच धर्तीवर घरभेटी देतात. इस्पितळात बाळंतपण झाले तर सहा, व घरी झाले तर सात भेटी ४२ दिवसांत व्हावयाच्या असतात. ज्या घरी नवे बाळ आले असेल त्यांनी ताईची वाट पाहावी, तिला दारातून परतवू नये.

आता घरच्या शुश्रूषेविषयी काही साध्या गोष्टी सांगतो. त्या कागदावर उतरून घराच्या भिंतीस लावून ठेवाव्या. मुलास हगवण लागली तर पाणी तोडू नये. सरकारी दवाखान्यात मिळणारी क्षार-साखरेची पुडी, ज्यास आपण ओआरएस म्हणतो, ती एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावी आणि चोवीस तासांत संपवावी. पुडी नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो, म्हणून मोजमाप चुकवू नये. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर अर्धी ते एक लहान वाटी, व मोठ्यास त्याहून दुप्पट, चमच्याचमच्याने पाजावे. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू पाजावे. आईचे दूध व नेहमीचे अन्न बंद करू नये. जस्ताच्या गोळ्या डॉक्टर किंवा आशाताई सांगतील त्याप्रमाणे चौदा दिवस द्याव्या, जुलाब आधीच थांबले तरीही द्याव्या. पोटावर डाग देणे, उपाशी ठेवणे, नवजात बाळास घुटी किंवा मध चाटविणे, या चाली मुलास इजा करणाऱ्या आहेत. पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काही लागत नाही, पाणीही लागत नाही.

कोणत्या वेळी घर सोडून दवाखाना गाठावा, हे ओळखणे हीही शुश्रूषाच आहे. बाळ पीत नसेल, सारे ओकून टाकीत असेल, झटके येत असतील, सुस्त पडून डोळे उघडीत नसेल, शौचात रक्त असेल, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर क्षणही घालवू नये. श्वास मोजावयाचा असेल तर मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांखालील बाळाचा ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचा ५० किंवा अधिक, आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा ४० किंवा अधिक श्वास असेल तर ते न्यूमोनियाचे लक्षण असू शकते. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, आणि यवतच्या किंवा दौंडच्या सरकारी रुग्णालयाची वाट धरावी. देवऋषाकडे किंवा दृष्ट काढण्यात गेलेला एक तास परत येत नाही. सहा महिन्यांनी दिला जाणारा अ जीवनसत्त्वाचा डोसही चुकवू नये. दुष्काळात लेकरांचे डोळे जातात त्यास या जीवनसत्त्वाची उणीव कारण असते, हे रमाबाईंच्या काळी कोणास ठाऊक नव्हते, पण आपणांस ठाऊक आहे.

मंडळ्यांच्या पाळकांना व शिक्षकांना एक विनंती आहे. आपण घरोघर जाता, प्रार्थना घेता, आजाऱ्याची विचारपूस करता. तेवढ्याच भेटीत घरातील बाईला विचारावे की पुडीतील पाणी कसे करतात ते तिला ठाऊक आहे काय, आणि तिच्याकडून ते एकदा करून घ्यावे. ज्या घरी आई एकटी असेल, नवरा उसाच्या तोडीला किंवा परगावी कामास गेला असेल, त्या घरी आळीतील कोणीतरी रात्री सोबतीस जाईल अशी योजना करावी. आजारी मुलाच्या आईला झोप मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशी तिच्या हातून औषध देणे चुकते. तिची झोप सांभाळणे हीही त्या मुलाची सेवा आहे.

रमाबाईंच्या आईला भाकरी मिळाली ती उशिरा मिळाली. त्या उशिराने त्यांच्या मनात जे पेरले ते केडगावच्या माळावर उगवले, आणि वेळेवर अन्न, पाणी व हात मिळाल्यामुळे शेकडो मुली जगल्या. वरवंडच्या वाटेने जाणाऱ्यांनी पुढच्या खेपेस चौफुल्यावर उतरावे, मुक्तिसदन पाहून यावे, आणि घरी परतल्यावर ओआरएसच्या दोन पुड्या फडताळात ठेवून द्याव्या.